पुद्दुचेरीची फ्रेंच शाळा आणि समतेचा दाखला

स्वातंत्र्य, समता, बंधुता हे शब्द फ्रान्सने जगाला दिले, असे आपल्या डोक्यात भरवले जाते. 3 ऑक्टोबर 1954 च्या आकाशवाणी भाषणात बाबासाहेबांनी हा गैरसमज दूर केला. ही तत्त्वे आपण फ्रेंच राज्यक्रांतीतून उसनी घेतलेली नाहीत, आपले गुरू बुद्ध यांच्या शिकवणुकीतून घेतली आहेत, असे त्यांनी सांगितले. फ्रान्सने आपल्या वसाहतीत या शब्दांचे काय केले, हे पाहायला पॅरिस गाठावे लागत नाही. पुद्दुचेरी पुरेसे आहे.

तिथे 1826 मध्ये फ्रेंच सरकारने 'कोलेज रॉयाल' सुरू केले. आजचे 'लिसे फ्रान्से' ते हेच. सुरुवातीला ते प्रामुख्याने युरोपीय आणि त्यांच्या वंशातील मुलांसाठी होते. त्याच्या सातच वर्षे आधी, 6 जानेवारी 1819 च्या आदेशाने, इथल्या लोकांचा न्याय त्यांच्या जातीच्या कायद्या-रूढींप्रमाणे होईल अशी हमी सरकारने दिली होती. म्हणजे शाळेची इमारत उभी राहण्याआधीच जातीला सरकारी शिक्का मिळाला होता.

तेव्हा फ्रान्समध्ये राजेशाही होती, असे कोणी म्हणेल. ठीक आहे. 1870 नंतर तर प्रजासत्ताक आले ना? 1873 मध्ये पोन्नुतंबी पिल्लै हे वकील युरोपीय बूट घालून न्यायालयात गेले म्हणून त्यांना अडवण्यात आले. पॅरिसच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. पुढे 21 सप्टेंबर 1881 चा हुकूम निघाला. जातीचा वैयक्तिक कायदा सोडा, आडनाव घ्या आणि फ्रेंच नागरी कायद्याखाली या. पोन्नुतंबी 'लापोर्त' झाले. अनेक अस्पृश्य आणि ख्रिस्ती कुटुंबांनीही हा मार्ग धरला.

मित्रांनो, यातली मेख समजून घ्या. सरकारने जात मोडली नाही. ज्याला जात नको, त्याने एकट्याने बाहेर पडावे, एवढीच सोय केली. आणि बाहेर पडलेल्यांना तरी समता मिळाली का? 1884 मध्ये मतदारांच्या तीन याद्या झाल्या: युरोपीय, जात-कायदा सोडलेले, आणि न सोडलेले. एक प्रजासत्ताक, तीन रांगा!

याच काळात ज्यूल फेरी यांनी फ्रान्समध्ये 1881-82 च्या कायद्यांनी प्राथमिक शिक्षण मोफत, सक्तीचे आणि धर्मनिरपेक्ष केले. याच फेरींनी 1885 मध्ये संसदेत सांगितले की श्रेष्ठ वंशांना कनिष्ठ वंशांना सुसंस्कृत करण्याचा हक्क आहे, कारण ते त्यांचे कर्तव्य आहे. आणि 1882 मध्येच पुण्यात जोतीराव फुले हंटर आयोगाला ठणकावत होते की कर शेतकरी भरतो, शिक्षण मात्र वरच्या वर्गाला मिळते. आधी प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा. फेरींना शाळा हे साम्राज्याचे कर्तव्य वाटत होते, फुल्यांना तो राबणाऱ्याचा हक्क वाटत होता. कर्तव्य देणाऱ्याच्या मर्जीवर चालते. हक्क मागता येतो.

1 नोव्हेंबर 1954 ला पुद्दुचेरीचा कारभार भारताकडे आला, 1962 मध्ये विलीनीकरण कायदेशीर झाले. शाळा मात्र फ्रान्सचीच राहिली. 1990 मध्ये स्थापन झालेली फ्रेंच सरकारी संस्था आज जगभर अशा शाळांचे जाळे सांभाळते. फ्रेंच नागरिकांच्या मुलांना उत्पन्नानुसार सरकारी शिष्यवृत्ती मिळू शकते. इतरांनी फी भरायची. जात-कायदा सोडलेल्या आजोबा-पणजोबांच्या नागरिकत्वामुळे काही कुटुंबांची मुले तिथे शिकली, फ्रान्सला गेली, वर आली. हे नाकारण्यात अर्थ नाही. पण त्यांच्या शेजारच्या वस्तीतल्या, तो कागद नसलेल्या मुलाचे काय?

म्हणून कोणत्याही शाळेच्या भिंतीवरची घोषणा वाचून भारावून जाऊ नका. तीन प्रश्न विचारा. दार कोणासाठी उघडे आहे? पैसे कोण भरतो? आणि आत येण्यासाठी माणसाला स्वतःचे नाव बदलावे लागते का? काही जणांना पळवाट देणारी व्यवस्था जातिअंत करत नाही. जातिअंत करते ती सर्वांना हक्काने मिळणारी शाळा.

जय भीम!