सीएनसी राउटरचा स्पॉइलबोर्ड सपाट कसा करायचा? छोट्या स्पिंडलसाठी सोपी माहिती

सीएनसी राउटरवर नावाची पाटी कोरली. शिरोरेखा एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला बारीक आली. अशा वेळी डिझाइन बदलण्याआधी पाटीखालचा बोर्ड तपासा. ६० अंशांचा व्ही-बिट असेल आणि पाटी एका बाजूला फक्त ०.५ मिमी वर असेल, तरी तिथली रेघ जवळपास ०.६ मिमीने रुंद होते. ९० अंशांच्या बिटने हाच फरक १ मिमी होतो.

स्पॉइलबोर्ड म्हणजे काय?

मशीनच्या बेडवर बसवलेला, बिटचे घाव झेलणारा बोर्ड म्हणजे स्पॉइलबोर्ड. तो बहुतेक वेळा १२ किंवा १८ मिमी एमडीएफचा असतो. त्याच मशीनने त्याचा वरचा पातळ थर काढला, की तो स्पिंडलच्या चालीला समांतर होतो. सुतार लाकडावर रंधा मारतो, तसंच हे. आयटीआयला मिलिंग शिकलेल्यांनी यालाच ‘फेसिंग’ म्हटलेलं असतं.

बोर्ड जमिनीला समांतर नसला तरी चालतं, तो मशीनच्या चालीला समांतर हवा. म्हणून मोबाईलमधलं लेव्हल ॲप इथे कामाचं नाही.

आधी स्पिंडल गुण्यात आणा

स्पिंडल तिरका असेल तर प्रत्येक फेरीनंतर पायरी उमटते. तपासणी अशी करा:

१. मशीनचा प्लग काढा.
२. कोलेटमध्ये काटकोनात वाकवलेली जाड तार किंवा सळई घट्ट बसवा. टोक मध्यापासून १०० मिमीवर ठेवा.
३. खाली जाड काचेचा सपाट तुकडा ठेवा. स्पिंडल हाताने फिरवत पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे टोकाखाली कागद सरकवा.
४. चारही ठिकाणी कागद सारखाच अडकला पाहिजे. साधा कागद साधारण ०.१ मिमी जाड असतो. फरक असेल तर स्पिंडलच्या माउंटखाली पातळ पत्र्याची पट्टी घाला.

बिट आणि वेग किती?

छोट्या स्पिंडलने जाड थर काढायला गेलात, तर आरपीएम पडतो आणि बोर्डवर लाटा उमटतात. थर पातळच ठेवा. सुरुवातीसाठी हे आकडे घ्या:

- ३०१८ मशीन, ७७५ मोटर: ६ मिमीचा सरळ बिट, खोली ०.२ मिमी, स्टेपओव्हर (दोन फेऱ्यांतलं अंतर) ३ मिमी, फीड मिनिटाला ८०० मिमी. ३०० × १८० मिमी बेडला ६० फेऱ्या, म्हणजे साधारण २३ मिनिटं.
- ५०० ते ८०० वॅट स्पिंडल, ईआर११ कोलेट: ६ मिमी दांड्याचा २२ ते २५ मिमी सरफेसिंग बिट, खोली ०.३ मिमी, स्टेपओव्हर १० मिमी, १२,००० आरपीएम. ६०० × ६०० मिमी बेडला साधारण २५ मिनिटं.

फीडचा हिशेब सोपा आहे: आरपीएम × बिटच्या धारा × प्रत्येक धारेने काढायचा तुकडा. १२,००० × २ × ०.०६ = मिनिटाला १,४४० मिमी. फीड फार कमी ठेवला तर बिट कापण्याऐवजी घासतो, तापतो आणि धार जाते. व्हीएफडीवरचा २४,००० आरपीएमचा ८०० वॅट स्पिंडल १२,००० वर चालवला, तर ताकदही साधारण निम्मीच मिळते.

प्रत्यक्ष काम

१. बोर्डचे स्क्रू किमान ५ मिमी खोल बसवा. फिरता बिट लोखंडाला लागला, तर बिट तर जाईलच, तुकडा डोळ्यातही उडू शकतो.
२. पूर्ण बोर्डवर पेन्सिलने तिरक्या रेघा मारा.
३. झेड-झिरो बोर्डच्या सर्वांत उंच जागी घ्या. सखल जागी घेतला, तर उंचवट्यावर बिट एकदम खोल घुसेल.
४. एक फेरी पूर्ण चालवा. रेघा उरल्या तिथे बोर्ड अजून सखल आहे. झेड-झिरो तोच ठेवून आणखी ०.२-०.३ मिमी खाली जा. रेघा संपल्या की थांबा.
५. बोर्ड मशीनच्या चालीपेक्षा थोडा लहान कापा, म्हणजे बिट कडेबाहेर जाईल. नाहीतर चौफेर उंच काठ राहतो.

मध्येच लाइट गेली तर? स्टेपर मोटरचं मशीन आपली जागा विसरतं. लिमिट स्विच असतील तर पुन्हा होमिंग करा. नसतील तर एक्स-वायचा कोपरा आधीच पेन्सिलने खुणावून ठेवा. झेडसाठी बंद स्पिंडलचा बिट कापून झालेल्या भागावर टेकवा आणि ती उंची वजा ०.३ (किंवा तुमची खोली) धरा.

भुसा हलक्यात घेऊ नका

एमडीएफचा भुसा पिठासारखा बारीक असतो आणि त्यातल्या रेझिनमध्ये फॉर्मल्डिहाइड असतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाची धूळ आणि फॉर्मल्डिहाइड, दोन्ही माणसाला कर्करोग करणाऱ्या गोष्टींच्या गटात टाकली आहेत. तोंडाला रुमाल पुरत नाही. एन९५ मास्क, गॉगल आणि व्हॅक्यूम वापरा. मशीन झोपायच्या खोलीत असेल, तर हे काम बाहेर न्या.

सातारा-सांगलीत कधी करायचं?

एमडीएफ हवेतला ओलावा शोषतो आणि फुगतो. महाबळेश्वर-पाटण भागात पावसाळ्यात हवा ओलीचिंब असते, तर आटपाडी-जत बाजूला पाऊस कमी. म्हणून सांगलीहून आणलेली शीट पाटणला लगेच बसवू नका. दोन-चार दिवस मशीनच्याच खोलीत आडवी ठेवा. कडांना सीलर मारा. पावसाळी भागात जूनमध्ये पाऊस धरल्यावर एकदा आणि दिवाळीच्या सुमारास हवा कोरडी झाल्यावर एकदा बोर्ड तपासा.

प्रत्येक वेळी ०.३-०.५ मिमीच जात असेल, तर १८ मिमीचा बोर्ड बरीच वर्षं टिकतो. तो स्क्रूच्या डोक्यांपर्यंत आला, की बदला.