जोड टिकला, प्लेट फाटली

आमच्या आरमोरीत ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचा हूक मोडून वेल्डिंगच्या दुकानात आला की पहिला प्रश्न ठरलेला, "आधी कोणाकडून जोडून घेतलं होतं?" म्हणजे दोष जोडणाऱ्याचा. तुकडा नीट पाहिला तर पुष्कळदा जोड जसाच्या तसा असतो आणि त्याच्या शेजारचे लोखंड फाटलेले असते. जगाच्या इतिहासातही असेच घडले आहे. त्याबद्दल आज थोडे लिहितो.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने रिव्हेट ठोकण्याऐवजी वेल्डिंगने जहाजे जोडायचा सपाटा लावला. एकट्या लिबर्टी जातीची २७०० हून अधिक जहाजे तयार झाली. गोद्यांत नव्याने शिकलेले हजारो वेल्डर होते, त्यांत स्त्रियाही पुष्कळ. १६ जानेवारी १९४३ रोजी 'स्कनेक्टडी' हे नवेकोरे तेलवाहू जहाज पोर्टलंडच्या धक्क्याला शांत पाण्यात उभे असताना मोठा आवाज होऊन जवळजवळ दुभंगले. बोट साहजिकच वेल्डरांकडे गेले. वेल्डिंगमध्ये उणिवा होत्याही. पण अशा जहाजांच्या पोलादाचा अभ्यास केंब्रिजच्या कॉन्स्टन्स टिपर या विदुषींनी केला, तेव्हा खरे कारण दिसले. ते पोलादच थंडीत काचेसारखे ठिसूळ होत होते. रिव्हेटच्या जहाजात भेग प्लेटच्या कडेला येऊन थांबत असे. वेल्डिंगने सगळे एकजीव झाल्यामुळे ती थेट पुढे धावत जाई.

आता इमारतींकडे येऊ. मांडव वाऱ्याने कलू नये म्हणून आपण दोन खांबांत तिरका बांबू बांधतो. पोलादी इमारतीतल्या अशा तिरक्यांना ब्रेस म्हणतात. चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्रासारख्या ठिकाणी अजस्र बॉयलर पोलादी सांगाड्याला वरून टांगलेला असतो, कारण तापल्यावर त्याला खाली वाढायला जागा लागते. त्या सांगाड्याला वाऱ्यात आणि भूकंपात ताठ ठेवतात ते हे ब्रेस. सगळा जोर शेवटी ब्रेसच्या टोकाशी असलेल्या प्लेटवर आणि वेल्डवर येतो.

१७ जानेवारी १९९४ रोजी कॅलिफोर्नियात नॉर्थरिजला भूकंप झाला. तिथल्या विद्यापीठाच्या ग्रंथालयाचा विस्तारित भाग ब्रेसवाल्या पोलादी सांगाड्याचा होता. त्याच्या खांबांखालच्या जाडजूड पायप्लेटांनाच भेगा पडल्या. जाड दिसते ते भक्कमच असते, हा समज तिथे खोटा ठरला.

थोडे गणित. हे मी इंजिनीअर पुतण्याकडून तपासून घेतले आहे, त्यामुळे बीए झालेल्या मास्तरावर विश्वास ठेवायला हरकत नाही! ८ मिमी जाडीची प्लेट खांबाला दोन्ही बाजूंनी ६ मिमीच्या वेल्डने जोडली आहे असे समजा. साधे पोलाद आणि कारखान्यात केलेले वेल्डिंग धरले, तर आपल्या २००७ च्या भारतीय संहितेच्या, म्हणजे आयएस ८०० च्या हिशेबाने त्या जोडाच्या दर मिलिमीटर लांबीला साधारण १६० किलो भार झेपतो. पण वेल्डला लागून असलेली प्लेट कातरली जाण्याचा हिशेब मांडला तर तिला जेमतेम १०७ किलो झेपतात! वेल्ड आणखी जाड करून काहीच साधत नाही. प्लेट जाड करावी लागते किंवा जोड लांब. याच संहितेत असेही सांगितले आहे की, वेल्डच्या भोवतीचा तुकडाच्या तुकडा प्लेटमधून उखडून येईल का, हेही तपासावे. हिशेब दोन्हींचा करायचा आणि जो कमी निघेल तोच खरा मानायचा.

आता सुरजागडचे खनिज डोंगरावरून निघते आहे, कोनसरीला लोखंडाचा प्रकल्प उभा राहिला आहे आणि आपल्याकडची कितीतरी मुले आयटीआयमध्ये वेल्डिंग शिकत आहेत. उद्या कुठे काही मोडले तर चौकशी सगळ्यांत आधी त्यांच्यापाशी येईल. त्यांचे काम चोख असलेच पाहिजे, यात वाद नाही. पण प्लेटची जाडी त्यांनी ठरवलेली नसते, पोलाद त्यांनी विकत घेतलेले नसते आणि नकाशावर सही त्यांची नसते. टिपरबाईंनी पोलादाची परीक्षा घेतली नसती, तर त्या गोदीतल्या वेल्डरांवरचा ठपका कदाचित तसाच राहिला असता.

असो. मोडलेली वस्तू घरी आलीच, तर जोडणाऱ्याला बोल लावण्याआधी ती कुठून फाटली आहे तेवढे पाहा, एवढेच सांगणे.