पावसाविना गळणारी घरं

१९३०च्या दशकात अमेरिकेच्या थंड भागातले रंगारी एकच तक्रार करू लागले. ज्या लाकडी घरांच्या भिंतींत थंडी अडवायला खनिज लोकर भरली होती, तिथे बाहेरचा रंग पोपडे धरून सुटत होता. ही लोकरच पाणी ओढते, असा त्यांचा ठाम समज होता. काहींनी तर अशी घरं रंगवायला चक्क नकार दिला.

त्यांचं निरीक्षण खरं होतं, कारण मात्र वेगळं होतं. मिनेसोटा विद्यापीठात फ्रँक रॉली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शीतकक्षात छोटी घरं उभारून त्याचा छडा लावला. स्वयंपाकाची, आंघोळीची वाफ फटींतून भिंतींत शिरते, तिथल्या गारव्यात तिचं पाणी होतं आणि रंग सुटतो. तीच वाफ वर माळ्यावरही चढते. माळ्याच्या तळाशी घातलेल्या लोकरीमुळे ऊब खालीच अडते, म्हणून माळा आणखी गार पडतो. मग छपराच्या फळ्यांना आतून हिम धरतं, खिळ्यांच्या टोकांवरही पांढरे कण साचतात. ऊन पडलं की ते वितळतं आणि पाऊस नसताना छत ठिबकू लागतं.

ही वाफ बाहेर निघून जावी म्हणून १९४२ साली फेडरल हाउसिंग ॲडमिनिस्ट्रेशन या सरकारी संस्थेने नियम घातला: माळ्याच्या ३०० चौरस फुटांमागे १ चौरस फूट झरोका. हा आकडा पुढे देशभरच्या बांधकाम-नियमांत रुजला. इलिनॉय विद्यापीठाच्या विल्यम रोझ यांनी १९९०च्या दशकात त्याची मुळं खणली, तेव्हा त्यामागचा प्रयोगांचा आधार फारच तुटपुंजा निघाला.

तिकडच्या थंडीत घर घेतलेल्या मराठी कुटुंबांनी झरोके जरूर राखावेत. पण त्याआधी दिव्यांभोवतीच्या आणि नळांभोवतीच्या फटी बुजवून घ्याव्यात.