उतरलेलं वजन परत का चढतं?

बेंगळुरूत कोरमंगलाला सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालय आहे. आपण नुसते पडून असतानाही शरीर किती ऊर्जा खर्च करतं, हे तिथल्या संशोधकांनी वर्षानुवर्षं मोजलं. वजनाची गोम या खर्चातच आहे.

१९४४-४५ मध्ये अमेरिकेत अ‍ॅन्सेल कीज यांनी ३६ धडधाकट तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं. शरीराने खर्चाला कात्री लावली. पोटभर मिळताच चरबी पूर्वीपेक्षा वाढली.

२०१५ चा ब्रिटिश अभ्यास सांगतो, वर्षभरात लठ्ठ पुरुषांत २१० पैकी एक आणि स्त्रियांत १२४ पैकी एक निरोगी मानलेल्या वजनावर येते.

मग प्रयत्न फुकट? मुळीच नाही. वजन ५ ते १० टक्के उतरलं, तरी साखर आणि रक्तदाब सुधारतो. तक्त्यातला आकडा हुकला, म्हणून कुणाला आळशी म्हणू नका.