विद्यापीठाच्या उंबरठ्यावरील पहिला प्रश्न : बुलढाणा जिल्ह्यातील नवागत विद्यार्थ्याच्या संदर्भात

१

विद्यापीठात नव्याने आलेल्या विद्यार्थ्याचे स्वागत कसे करावे, तेथील रीतीभातींची ओळख त्यास कोणी व किती दिवसांत करून द्यावी, हा प्रश्न वरवर पाहता केवळ व्यवस्थेचा वाटतो. परंतु विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ साली नवागतांच्या परिचयकार्यक्रमास 'दीक्षारंभ' हे नाव दिले, आणि व्यवस्थेच्या ह्या बाबीस एका संस्काराची संज्ञा प्राप्त झाली. संज्ञा ही निर्हेतुक नसते. 'दीक्षा' ह्या शब्दात दोन पक्ष गृहीत धरलेले असतात : देणारा आणि घेणारा. त्या दोहोंमध्ये पहिल्या दिवशी कोणता व्यवहार होतो, ह्यावरून त्या विद्यास्थानाचे स्वरूप बरेचसे कळून येते.

छांदोग्य उपनिषदातील सत्यकामाची कथा सर्वश्रुत आहे. शिष्यत्वासाठी आलेल्या त्या मुलास हारिद्रुमत गौतमाने प्रथम विचारले ते त्याचे गोत्र. गृह्यसूत्रांत वर्णिलेल्या उपनयनविधीतही आचार्य बटूस त्याचे नाव विचारतो. 'उपनयन' म्हणजे जवळ नेणे. पण जवळ कोणाला न्यावयाचे हे त्या पहिल्या प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून असे. स्त्रिया व शूद्र ह्यांना तो प्रश्न विचारलाच जात नसे. सारांश, उंबरठ्यावर विचारला जाणारा पहिला प्रश्न हा प्रवेशाचा खरा नियम होय. छापील नियमावली त्यानंतर येते. ह्या दृष्टीने बुलढाणा जिल्ह्यातील विद्यार्थ्याच्या विद्यापीठप्रवेशाचा इतिहास पाहिला असता असे दिसते की, सुमारे दीडशे वर्षे हा पहिला प्रश्न प्रायः भाषेचा होता. मात्र विद्यापीठांनी तो उघडपणे क्वचितच विचारला.

२

ह्या जिल्ह्याच्या भूमीवर नवागताच्या भाषेचा विचार विद्यापीठांच्या कितीतरी पूर्वी झालेला आहे. लीळाचरित्रात चक्रधरस्वामींच्या परिभ्रमणात लोणार व मेहकर ही दोन्ही स्थळे येतात. महानुभाव पंथात नव्याने येणाऱ्याच्या कृतीस 'अनुसरण' असा शब्द आहे. 'उपनयन' ह्या शब्दात नेणारा कर्ता आहे आणि नेला जाणारा कर्म. 'अनुसरण' ह्यात येणारा स्वतःच कर्ता आहे. हा भेद केवळ व्याकरणाचा नाही. पुढे नागदेवाचार्यांनी केसोबासांना संस्कृताऐवजी मराठीत रचना करण्यास सांगितले, आणि त्याचे कारण असे दिले की, संस्कृतामुळे आपल्या अनुयायांतील वृद्ध स्त्रिया ज्ञानास मुकतील. स्मृतिस्थळात नोंदलेला हा प्रसंग मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकांस परिचित आहे. शिक्षणाच्या इतिहासात त्याचे महत्त्व वेगळे आहे. दारी आलेल्याची भाषा कोणती, हे पाहून शिकविण्याची भाषा ठरविण्याचा तो स्पष्ट निर्णय होता.

मध्ययुगीन युरोपातील विद्यापीठांत ह्याच्या नेमकी उलट रीत होती. तेथे नवागतास 'बेआनुस' म्हणत. हा शब्द 'पिवळ्या चोचीचा', म्हणजे नुकते अंड्यातून बाहेर आलेले पिल्लू, ह्या अर्थाच्या फ्रेंच शब्दावरून आला. जर्मन विद्यापीठांत नवागताच्या डोक्यावर शिंगे लावून ती विधिपूर्वक उपटून काढीत. पशुत्व गेले व विद्यार्थित्व आले, असा त्याचा भाव. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धातील 'मान्युआले स्कोलारिउम' ह्या लॅटिन संवादपुस्तिकेत हा सर्व प्रकार वर्णिलेला आहे. त्या वसतिगृहांत लॅटिनखेरीज दुसरी भाषा बोलण्यास मनाई असे, आणि मातृभाषेत बोलणाऱ्यांची नावे गुप्तपणे टिपण्यासाठी नेमलेल्यास 'लुपुस' म्हणजे लांडगा म्हणत. शिंगे काढण्याचा विधी एका दिवसात संपे. लांडग्याची भीती मात्र वर्षानुवर्षे टिके.

३

१८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या व्यवस्थेखाली आले. त्यानंतर चारच वर्षांनी, १८५७ साली, कलकत्ता, मुंबई व मद्रास ही विद्यापीठे स्थापन झाली. बुलढाण्याच्या दृष्टीने ही तिन्ही दूर देशीची होती. १८६७ साली लोहमार्ग नागपुरापर्यंत पोचला आणि मलकापूर, नांदुरा, शेगाव ही घाटाखालील गावे मुंबईशी जोडली गेली. घाटावरील बुलढाणा, चिखली, मेहकर ह्या भागांस मात्र आधी मलकापुरापर्यंत सुमारे ४५ किलोमीटरचा रस्ता उतरणे क्रमप्राप्त होते. वऱ्हाडातील पहिल्या पिढीच्या पदवीधरांचा ओढा मुंबईकडे होता. अमरावतीचे दादासाहेब खापर्डे (१८५४–१९३८) हे एल्फिन्स्टन महाविद्यालयात शिकले, हे त्याचे ठळक उदाहरण. १८८५ साली नागपुरात मॉरिस महाविद्यालय निघाले. ते आरंभी कलकत्ता विद्यापीठास व पुढे अलाहाबाद विद्यापीठास जोडलेले होते. म्हणजे नागपुरास शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्याची परीक्षा प्रथम बंगालच्या व नंतर संयुक्त प्रांताच्या राजधानीतून ठरत असे. त्या सर्व परीक्षांची भाषा इंग्रजी होती.

ह्याच काळात बुलढाणा गावी विद्यापीठाच्या उंबरठ्याबाहेर एक ग्रंथ सिद्ध झाला. ताराबाई शिंदे ह्यांचा 'स्त्रीपुरुषतुलना' हा निबंध १८८२ साली पुण्यात छापला गेला. त्यांचे वडील बापूजी हरी शिंदे हे बुलढाण्यास डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत नोकरीस होते, आणि ताराबाईंचे शिक्षण घरीच झाले. कलकत्ता विद्यापीठाने पहिल्या दोन स्त्रियांना पदवी दिली ती त्याच्या पुढील वर्षी, १८८३ साली. ताराबाईंची भाषा बोलीच्या अंगाने जाणारी, घरगुती म्हणींनी भरलेली व युक्तिवादात निर्भीड आहे. तत्कालीन विद्यापीठात अशा भाषेस स्थान नव्हते. विद्यापीठापाशी येण्यापूर्वीच विचार करण्यास समर्थ असलेली भाषा ह्या जिल्ह्यात होती, एवढे ह्या एका ग्रंथावरून निश्चितपणे सिद्ध होते.

४

४ ऑगस्ट १९२३ रोजी नागपूर विद्यापीठ स्थापन झाले. सर बिपिनकृष्ण बोस हे त्याचे पहिले कुलगुरू. आरंभी सहा संलग्न महाविद्यालये व ९२७ विद्यार्थी एवढाच त्याचा विस्तार होता. अमरावतीचे किंग एडवर्ड महाविद्यालयही त्याच वर्षीचे. योगायोग असा की, अमेरिकेतील मेन विद्यापीठात नवागतांसाठी स्वतंत्र सप्ताह योजण्याची प्रथा सुरू झाली तीही १९२३ सालीच. तेथे विद्यापीठाने आपण होऊन नवागताच्या परिचयाची जबाबदारी पत्करली. इकडे ती जबाबदारी विद्यापीठाची आहे असे कोणास वाटले नाही. ती पडली नातलगांवर, गावच्या वकिलावर, खाणावळीच्या मालकावर आणि वसतिगृहांवर.

वसतिगृहांचा हा भाग शिक्षणेतिहासात उपेक्षित राहिला आहे. नव्या शहरात उतरलेल्या विद्यार्थ्यास पहिला प्रश्न ग्रंथालयात किंवा वर्गात विचारला जात नसे. तो राहण्याजेवण्याच्या जागी विचारला जाई, आणि तो जातीचा असे. बहुतेक वसतिगृहे त्या त्या समाजाने आपल्या मुलांसाठी काढलेली होती. त्यांचे उपकार मोठे. पण ज्या समाजापाशी पैसा नव्हता त्याच्या मुलास दारच नव्हते. पंजाबराव देशमुखांनी विलायतेहून परत आल्यावर अमरावतीस श्रद्धानंद छात्रालय काढले आणि ते सर्व जातींच्या मुलांस खुले ठेवले, ह्या गोष्टीचे महत्त्व ह्या पार्श्वभूमीवर कळते. शेतकऱ्याच्या मुलाची इंग्रजीशी, शहराशी व परजातीच्या सोबत्याशी पहिली ओळख अशा ठिकाणी झाली. दीक्षारंभ हा शब्द निघण्यापूर्वी वऱ्हाडात तो प्रत्यक्षात घडला तो छात्रालयांच्या पंगतीत, असे म्हणावयास हरकत नाही.

५

१९४० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात नागपूर विद्यापीठाने हिंदी व मराठी ह्या भाषांचा शिक्षणमाध्यम म्हणून स्वीकार केला. हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाने १९१८ पासून उर्दूत उच्च शिक्षण दिले होते. त्यानंतर ह्या दिशेने पाऊल टाकणाऱ्या पहिल्या काही विद्यापीठांत नागपूरची गणना होते. आता तरी उंबरठ्यावरील प्रश्न सुटला, असे वाटणे स्वाभाविक होते. परंतु तो सुटला नाही. त्याचे रूप तेवढे पालटले.

त्याच सुमारास डॉ. रघुवीर ह्यांचे परिभाषाकार्य नागपुरातच चालू होते. ते प्रायः संस्कृत धातू व उपसर्ग ह्यांवर उभारलेले होते. शास्त्रीय परिभाषेस नियमितपणा हवा हे मान्य केले, तरी तिच्यामुळे निर्माण झालेले ग्रांथिक मराठी हे जळगाव जामोद किंवा मेहकर तालुक्यातील मुलाच्या घरचे मराठी नव्हते. ग्रियर्सनच्या भाषासर्वेक्षणाच्या सातव्या खंडात (१९०५) वऱ्हाडी बोलीची स्वतंत्र नोंद आहे. 'मला' ऐवजी 'मले', 'का' ऐवजी 'काहून', 'करीत आहे' ऐवजी 'करून राहिला', 'डोळा' ऐवजी 'डोया' ही तिची सहज ओळखू येणारी रूपे होत. जिल्ह्याच्या पश्चिमेस खानदेश व दक्षिणेस मराठवाडा असल्याने सीमेवरील बोलीत त्या त्या बाजूची छटा मिसळते. ह्या रूपांत अशुद्ध असे काही नाही. 'मले' ह्यातील 'ले' हा प्रत्यय 'ला' इतकाच नियमित आहे. तथापि वर्गात ह्या रूपांस हसू येते, आणि हसणाऱ्यांत त्याच जिल्ह्यातील, पण एक वर्ष आधी शहरात गेलेले विद्यार्थीही असतात. लॅटिन वसतिगृहातील लांडगा हा बाहेरचा नसे. तो सहाध्यायीच असे, हे येथे आठवते.

नवागतांच्या छळाविरुद्ध महाराष्ट्राने १९९९ साली कायदा केला व विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ साली विनियम केले. शरीरास होणारी इजा व उघड अपमान ह्यांना त्यामुळे आळा घालता येतो. उच्चाराची नक्कल केल्याने गप्प झालेला विद्यार्थी मात्र तक्रार करीत नाही; तो फक्त वर्गात प्रश्न विचारण्याचे सोडून देतो. ही हानी कोणत्याही नोंदवहीत येत नाही.

६

१ मे १९८३ रोजी अमरावती विद्यापीठ स्थापन झाले. पुढे त्यास संत गाडगेबाबांचे नाव देण्यात आले. बुलढाणा जिल्हा त्याच्या क्षेत्रात आला. शेगावचे अभियांत्रिकी महाविद्यालयही १९८३ चेच. विद्यापीठ जवळ आले, पुढे महाविद्यालय तर तालुक्यात आले. तेव्हा भौगोलिक अंतर उरले नसता परिचयसप्ताहाची आवश्यकता काय, असा आक्षेप कोणी घेईल. त्यास उत्तर असे की, पूर्वी मुंबईस जाणाऱ्या मुलास आपण परक्या मुलखात चाललो आहोत हे ठाऊक असे व तो त्या तयारीने जाई. आज घरून बसने महाविद्यालयात येणाऱ्या विद्यार्थ्यास परकेपणा भेटतो तो अनपेक्षितपणे, पहिल्या तासाच्या व्याख्यानात. बारावीपर्यंत मराठीत शिकून अभियांत्रिकीस आलेल्या मुलीच्या बाबतीत हे विशेष खरे आहे. २०२१ पासून मराठीतून अभियांत्रिकी शिकविण्यास काही महाविद्यालयांस अनुमती मिळाली आहे. पण बहुसंख्य विद्यार्थ्यांचा प्रवेश अद्यापि इंग्रजीच्याच दारातून होतो.

अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०१७ साली आखलेल्या तीन आठवड्यांच्या परिचयकार्यक्रमात परिसरभेटीचा समावेश आहे. बुलढाणा जिल्ह्यात अशा भेटीसाठी लोणारहून समर्पक स्थळ नाही. सुमारे १·८ किलोमीटर व्यासाचे हे विवर बेसाल्टच्या खडकात उल्काघाताने निर्माण झाले, हे १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने भक्कम आधारावर उभे केले. २०२० साली सरोवरास रामसर यादीत स्थान मिळाले. ह्या सरोवरातून निघणाऱ्या क्षारांना स्थानिक लोकांनी पापडी, दल्ला, खुप्पल, भुस्की अशी निरनिराळी नावे दिली होती. रसायनशास्त्राच्या पुस्तकात हे सारे सोडियमच्या संयुगांच्या एका कोष्टकात येते. ते कोष्टक आवश्यकच आहे. परंतु हे प्रकार हाताळून वेगळे ओळखणाऱ्यांनी ते वर्गीकरण कोणत्याही प्रयोगशाळेविना, आपल्या बोलीत केले होते.

नवागतास त्या काठावर नेऊन प्रथम पुस्तकातील संज्ञा विचारावी की त्याच्या घरी ह्या वस्तूस काय म्हणतात हे विचारावे, ही निवड लहान दिसते. पहिल्या प्रश्नाने त्यास आपल्या न्यूनाची जाणीव होते. दुसऱ्याने, ज्ञानाच्या व्यवहारात आपल्यापाशीही देण्याजोगे काही आहे, ही जाणीव होते. संज्ञा त्यानंतरही शिकविता येते, आणि ती अधिक पक्की बसते. नागदेवाचार्यांनी घेतलेला निर्णय ह्याच जातीचा होता. त्यांच्या पंथात म्हाताऱ्या स्त्रियाही सूत्रांचा विचार करू शकल्या, ह्याचे श्रेय त्या निर्णयास द्यावे लागते. दीक्षारंभाच्या कार्यक्रमपत्रिकेत उद्घाटन, सत्कार व नियमांचे वाचन ह्यांना जागा असतेच. त्यांच्या आधी ह्या एका प्रश्नास जागा मिळते की नाही, ह्यावर त्या नावाची यथार्थता ठरावयाची आहे.