मनुकांचा पेला

शुक्रवारी सकाळी काळ्या मनुका निवडायच्या, देठं काढायची, दोन-तीन पाण्यांनी धुवायच्या आणि कोमट पाण्यात भिजत घालायच्या. दुपारपर्यंत त्या टम्म फुगतात. मग हातानं कुस्करून पातळ फडक्यातून गाळल्या की तपकिरी-जांभळट रस उतरतो. कोणी मनुका आधी उकळून घेतं, कोणी हल्ली मिक्सरमधून काढतं. अलिबाग-पेणपासून मुंबई-ठाण्यापर्यंत बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यूंच्या, घरांत याला सरबत म्हणतात. पण हे सरबत उन्हातून आलेल्या पाहुण्यासाठी नसतं. संध्याकाळी शब्बाथचे, म्हणजे ज्यूंच्या शनिवारच्या विश्रांतीच्या दिवसाचे, दिवे लागतात, घरातला वडीलधारा पेला हातात घेतो आणि द्राक्षवेलीचं फळ निर्माण करणाऱ्या देवाचे आभार हिब्रूतून मानतो. मग स्वतः घोट घेऊन पेला बाकीच्यांना देतो.

पेल्यात नशेचा थेंब नाही. तरी ज्यू धर्मशास्त्राच्या लेखी ती वाइनच. हे कसं, ते कळायला या पेल्याचं कूळ पाहावं लागतं.

या विधीला किद्दुश म्हणतात. पवित्र ठरवणं, इतर दिवसांहून वेगळं काढणं, असा त्याचा अर्थ. शब्बाथच्या दिवसाची आठवण ठेवा, अशी तोराह या ज्यूंच्या मूळ धर्मग्रंथात आज्ञा आहे. आठवण ठेवायची म्हणजे नेमकं काय करायचं? ती वाइनच्या पेल्यावर उच्चारून ठेवायची, असा अर्थ जुन्या धर्मगुरूंनी लावला. वाइनला जेरुसलेमच्या मंदिरातही स्थान होतं. तिथे वेदीपाशी ती अर्पण होई. इसवी सन ७० मध्ये रोमनांनी ते मंदिर जाळलं. वेदी गेली आणि घरातलं जेवणाचं मेज तिच्या जागी आलं. पुजाऱ्याच्या हातातला पेला आता कुटुंबप्रमुखाच्या हातात होता.

इसवी सन २००च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या ग्रंथात या पेल्यावरून झालेला एक वाद नोंदवलेला आहे. आधी आशीर्वाद कोणाचा म्हणायचा, दिवसाचा की वाइनचा? शम्मायच्या परंपरेचे पंडित म्हणत, दिवसाचा. कारण दिवस आला म्हणून तर वाइन मेजावर आली. हिल्लेलच्या परंपरेचे म्हणत, वाइनचा. कारण पेला हातात असल्याशिवाय दिवसाचा आशीर्वाद म्हटलाच जात नाही. हिल्लेलचं मत टिकलं. आजही आधी द्राक्षवेल, मग शब्बाथ.

वाइन अशी दर आठवड्याची निकड झाली. पेसाह म्हणजे मिसरच्या गुलामीतून सुटकेचा सण. त्या रात्री प्रत्येकानं चार पेले घ्यायचे असतात. मिश्ना म्हणते, इस्रायलातल्या अत्यंत गरीब माणसालाही चारांपेक्षा कमी मिळता कामा नयेत, मग ते दानाच्या पैशातून द्यावे लागले तरी चालेल. म्हणजे सण साजरा करणं ही ऐपत असलेल्यांची चैन नव्हे. ज्याची ऐपत नाही त्याच्या पेल्याची जबाबदारी समाजावर आहे. मापही ठरलेलं: पेल्यात किमान दीड अंड्याएवढा रस मावला पाहिजे. झिंगण्यासाठी हे माप फार तोकडं आहे. भरपूर पिण्याला मोकळीक देणारा सण एकच, पुरीम. त्याला कोकणातल्या बेने इस्रायलींनी 'होळीचा सण' म्हटलं, यात नवल नाही.

आता हाच पेला कोकणात आणून पाहा. इथे दोन अडचणी उभ्या राहतात.

पहिली जमिनीची. कोकणच्या पावसात द्राक्षाची वेल तग धरत नाही. नारळ-ताडाची माडी मात्र दारात. दुसरी अडचण शास्त्राची. परधर्मीयानं हाताळलेली वाइन ज्यू धर्माला चालत नाही, कारण ती एखाद्या मूर्तीला वाहिलेली असण्याची शक्यता जुन्या काळी खरी होती. त्यामुळे द्राक्षं चिरडण्यापासून बाटली बंद होईपर्यंतचं काम शब्बाथ पाळणाऱ्या ज्यूंच्याच हातून व्हावं लागतं. तेव्हा गोव्याच्या पोर्तुगीजांकडे किंवा मुंबईच्या इंग्रजांच्या दुकानात वाइन मिळाली, तरी किद्दुशला तिचा उपयोग नव्हता.

मग माडी का नाही? ज्यू शास्त्रात 'देशाचं पेय' अशी एक सवलत आहे. जिथे वाइन मिळत नाही तिथे लोक जे मानानं पितात, त्यावर काही विधी उरकता येतात. बाबिलोनमध्ये खजुराची बिअर होती, तिच्यासंबंधी तालमूद या धर्मचर्चेच्या ग्रंथात खल झालेला आहे. पण पेय बदललं की आशीर्वाद बदलतो. खजुराच्या बिअरवर किंवा माडीवर द्राक्षवेलीचं नाव घेता येत नाही. सगळ्याच खाण्यापिण्याला चालणारा सामान्य आशीर्वाद म्हणावा लागतो. शब्द तेच ठेवायचे असतील तर पेल्यातला पदार्थ वेलीच्या वंशातलाच हवा.

इथे मनुका कामाला आली. मनुकांपासून केलेल्या वाइनचा विचार तालमूदमध्ये आहेच. पुढे योसेफ कारो यांचा 'शुल्खान आरुख' हा आचारग्रंथ १५६५ साली व्हेनिसमध्ये छापला गेला. त्यातही या वाइनवर किद्दुश करायला मुभा आहे. अट एवढीच की मनुका इतकी कोरडी नसावी की दाबल्यावर तिच्यातून ओल सुटू नये. नुसतं पाणी चवीला गोड झालं तर ते चालणार नाही. फळाचा स्वतःचा रस त्यात उतरला पाहिजे. रस आंबला आहे का, चढतो का, हा प्रश्न शास्त्र विचारत नाही. ते विचारतं, तुझं कूळ कोणतं? मनुका उत्तर देते, वेलीचं.

आपल्या भाषेलाही हे फळ आधी सुकलेल्या रूपातच जास्त भेटलं असणार. शब्द तसं सांगतात. 'द्राक्ष' संस्कृतातून आलं. पण 'किसमिस' फारसी. 'बेदाणा'ही फारसी, बे-दाणा म्हणजे ज्यात दाणा नाही तो. 'मनुका' आणि हिंदीतला 'मुनक्का' यांचं मूळ अरबी 'मुनक्का' या शब्दाकडे जातं, त्याचा अर्थ साफ केलेलं. म्हणजे सुकामेवा इराण-अफगाणिस्तानातून काफिल्यांनी आणि गलबतांनी आला, तो नावासकट. द्राक्षाच्या मद्याची ओळख तर त्याहून जुनी. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात द्राक्षरसाच्या मद्याला 'मधु' म्हटलं आहे आणि त्याचे प्रकार प्रदेशांच्या नावांनी सांगितले आहेत. त्यातला एक कापिशायन, म्हणजे आजच्या अफगाणिस्तानातल्या कापिशीचा. आयुर्वेदाचं द्राक्षासव आजही औषधाच्या दुकानात मिळतं. आणि मराठी बायबलमध्ये वाइनला शब्द आहे 'द्राक्षारस'. ताजा रस की आंबलेला, हे हा शब्द सांगत नाही. किद्दुशच्या पेल्याला इतका चपखल शब्द क्वचितच कुठल्या भाषेत असेल.

हा पेला उचलणारे हात कोणाचे? बेने इस्रायलींची कथा अशी की त्यांच्या पूर्वजांचं गलबत अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला फुटलं आणि सात पुरुष, सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. ही मंडळी गावोगाव पसरली आणि गावांची नावं घेऊन केहिमकर, पेणकर, दिवेकर, रोहेकर झाली. धंदा तेल गाळण्याचा. सोमवारी घाणा बंद ठेवणारे सोमवार तेली, तसे शनिवारी बंद ठेवणारे हे शनिवार तेली. ग्रंथ गेले, हिब्रू गेली. प्रार्थनांपैकी 'शमा' तेवढी ओठांवर राहिली असं सांगतात. डेव्हिड रहाबी नावाचा ज्यू प्रवासी आला, तेव्हा त्यानं बायकांपुढे तऱ्हेतऱ्हेची मासळी ठेवली आणि त्यांनी खवले-पर नसलेली मासळी बाजूला सारली, त्यावरून त्यानं त्यांना ओळखलं, ही आख्यायिका आजही सांगितली जाते. म्हणजे पेल्यावर म्हणायचे शब्द हरवले होते, पण दिवस हरवला नव्हता. थांबलेला घाणा हाच त्यांचा शब्बाथ होता.

शब्द परत आले ते मुंबई आणि कोचीनच्या वाटेनं. ईस्ट इंडिया कंपनीच्या पलटणीतले सॅम्युएल इझिकेल दिवेकर टिपू सुलतानाच्या कैदेतून सुटून आले आणि १७९६ साली त्यांनी मुंबईत बेने इस्रायलींचं पहिलं प्रार्थनागृह बांधलं. नाव शआर हारहमीम, म्हणजे दयेचं दार. समाज आपल्या प्रार्थनागृहाला मशीदच म्हणतो, आणि मस्जिद स्टेशनाचं नाव या मशिदीवरून पडलं असं सांगतात. पुढे एकोणिसाव्या शतकात कोचीनचे ज्यू शिक्षक हिब्रू आणि विधी शिकवायला कोकणात आले. कोचीनच्या ज्यूंकडेही घरी मनुकांची वाइन करायची रीत होती. ती तिथून इकडे आली असेल, किंवा तीच अडचण इथेही होती म्हणून तोच तोडगा निघाला असेल. पेसाहच्या रात्री वाचायची हगादा १८४६ साली मुंबईत मराठी भाषांतरासह छापली गेली आणि १८७४ साली पुण्यात. पुण्याच्या प्रतीत एक चित्र आहे: लुगडी नेसलेल्या, अंबाडे घातलेल्या बायका सणाच्या बिनखमिराच्या भाकऱ्या करताहेत. त्या भाकऱ्यांशेजारचे चार पेलेही आता मराठीतून समजून घेता येऊ लागले.

मनुकांची ही युक्ती कोकणाचीच म्हणायला नको. पूर्व युरोपातल्या गरीब ज्यू वस्त्यांतही पेसाहला मनुकांची वाइन घरोघर केली जाई. थंडीमुळे तिकडे वेल नव्हती, पावसामुळे इकडे.

मद्यबंदी आली की पेल्यात काय असावं, हाच प्रश्न सरकारांपुढेही उभा राहिला. येशूचं शेवटचं भोजन पहिल्या तीन शुभवर्तमानांत पेसाहच्या रात्रीचं सांगितलं आहे; चर्चमधला पेला त्याच मेजावरून उठून आला. १८६९ साली अमेरिकेत थॉमस वेल्च या दारूविरोधी दंतवैद्यानं द्राक्षाचा रस तापवून तो आंबू नये अशी सोय केली, ती चर्चच्या पेल्यासाठीच. पुढे अमेरिकेत देशभर दारूबंदी झाली आणि धर्मकार्यासाठी वाइनची सवलत ठेवावी लागली. त्या सवलतीवर खोटे रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, उगवले आणि पेल्याच्या नावानं पिंपं विकली गेली. अखेर १९२२ साली लुई गिन्झबर्ग या विद्वानानं सविस्तर निर्णय लिहिला: न आंबलेला द्राक्षाचा रस किद्दुशला वाइनइतकाच चालतो. आपल्याकडे १९४९च्या मुंबई दारूबंदी कायद्यातही धार्मिक विधीच्या वाइनसाठी वेगळी तरतूद होती. पण मनुका भिजत घालणाऱ्या घराला परवान्याची गरजच नव्हती. अमेरिकेत ज्यावर निर्णय लिहावा लागला, ते कोकणातल्या स्वयंपाकघरात दर शुक्रवारी पातेल्यात भिजत होतं.

हा पेला शुक्रवारपुरता राहत नाही. सुंतेच्या दिवशी बाळाच्या ओठांना त्यातला थेंब लावतात. लग्नात वधूवर एकाच पेल्यातून घोट घेतात. शनिवारी रात्री शब्बाथला निरोप देतानाही पेला लागतो आणि मेणबत्ती त्यातल्याच रसात विझवतात. जन्म, लग्न, आठवड्याची सुरुवात आणि शेवट, सगळीकडे तोच रस.

१९४८च्या सुमारास भारतात बेने इस्रायलींची संख्या वीस हजारांच्या आसपास होती. आज भारतातले सगळे ज्यू मिळून काही हजारच उरले आहेत. महाराष्ट्रानं २०१६ साली त्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला. बहुतेक कुटुंबं इस्रायलला गेली. तिथे मराठीतून 'मायबोली' हे नियतकालिकही निघालं. त्या देशात शास्त्रशुद्ध वाइन कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते. इकडे नाशिकची द्राक्षं आणि वाइन आहे, सांगली-तासगावचा बेदाणा आहे. म्हणजे ज्या टंचाईतून हे सरबत आलं ती टंचाई आता राहिलेली नाही. तरीही कित्येक घरांत शुक्रवारी मनुका भिजतात. अडचणीपुरता काढलेला मार्ग चार पिढ्या चालला की त्याला रीत म्हणतात, आणि रीत अडचण संपली म्हणून संपत नाही.

सण म्हटला की पेला आणि पेला म्हटला की नशा, असं समीकरण मांडणाऱ्यांनी हे सरबत एकदा चाखून पाहावं. ते चढत नाही. त्याच्यावर म्हटलेले द्राक्षवेलीचे शब्द मात्र शतकानुशतकं बदललेले नाहीत. मनुका कितीही सुरकुतलेली असो, दाबल्यावर थोडी ओल सुटली की शास्त्र तिला वेलीचीच लेक मानतं.