सामानाची यादीही साधनच असते

सुट्टीची बॅग भरताना आपण काय काय कोंबतो, यावरून त्या जागेबद्दल आपण काय समजून बसलोय ते कळतं. १८६० मध्ये बर्क आणि विल्स यांची मोहीम मेलबर्नहून ऑस्ट्रेलियाच्या आऊटबॅककडे, म्हणजे आतल्या कोरड्या मुलखाकडे निघाली. सोबत सुमारे २० टन सामान, त्यात टेबल-खुर्च्यासुद्धा! डार्लिंग नदीकाठच्या मेनिंडी गावात बर्कने बरीच माणसं आणि सामान मागे ठेवलं. १८६१ मध्ये कूपर क्रीकपाशी दोघंही उपासमारीने खंगून गेले. त्यांचा सोबती जॉन किंग वाचला, कारण तिथल्या यांद्रुवांधा लोकांनी त्याला सांभाळलं. त्यांचं ज्ञान सामानाच्या कुठल्याच यादीत नव्हतं. म्हणून सांगते, अभिलेखागारात अशी यादी हाती आली की दोनदा वाचा: आधी काय आहे ते, मग काय नाही ते.